शाळेंतील शब्दमेघ

‘शब्दमेघ’ हें नांव प्रथम ऐकणारास तें एखाद्या काव्यसंग्रहाचें असावें असें वाटेल. परंतु वस्तु अगदीं निराळी आहे. एखादा उतारा, अथवा वर्गांतील सर्व मुलांनीं मिळून सांगितलेले शब्द, संगणकास द्यावे. त्यानें प्रत्येक शब्द किती वेळां आला हें मोजावें. आणि जो जास्त वेळां आला तो मोठ्या टाइपांत, जो कमी वेळां आला तो बारीक टाइपांत, असे सर्व शब्द एकमेकांस खेटून एकाच चित्रांत मांडावे, एवढाच ह्या युक्तीचा सारांश. इंग्रजींत त्यास ‘वर्ड क्लाउड’ म्हणतात. हल्लीं शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत, वर्तमानपत्रांत, पुढाऱ्यांच्या भाषणांवरील चर्चेंत हीं चित्रें वारंवार दृष्टीस पडतात, आणि शाळाशाळांतून तीं फळ्याशेजारीं येऊन बसूं लागलीं आहेत. ज्यांच्या घरीं दोनचार मुलें शिकत आहेत अशा वाचकांस ह्या नव्या पाहुण्याची थोडी ओळख करून द्यावी, आणि त्याचा उपयोग कोठवर व कोठें नाहीं हें आमच्या अनुभवाप्रमाणें सांगावें, असा विचार आहे.

युक्ति नवी असली तरी अगदीं कालची नव्हे. स्टॅन्ले मिलग्रॅम ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें एका फ्रेंच सहकारिणीबरोबर, पॅरिस शहर तेथील रहिवाशांच्या मनांत कसें वसलें आहे ह्याचा शोध घेतला, आणि १९७६ सालीं एक नकाशा प्रसिद्ध केला. ज्या ठिकाणाचें नांव अधिक जणांनीं घेतलें तें त्या नकाशांत अधिक मोठ्या अक्षरांनीं छापलेलें होतें. पुढें २००४ च्या सुमारास छायाचित्रांच्या ‘फ्लिकर’ नांवाच्या संकेतस्थळानें हीच तऱ्हा उचलली. आणि २००८ सालीं आय. बी. एम. कंपनींत असलेल्या जोनाथन फाइनबर्ग यांनीं ‘वर्डल’ नांवाचें साधन सर्वांस खुलें करून दिलें, तेथून हें वेड शाळांत शिरलें. (त्याच नांवाचा शब्द ओळखण्याचा जो खेळ २०२१ पासून घरोघर चालतो, त्याचा ह्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं.)

शब्द मोजणें ही गोष्ट मात्र आमच्या देशास परकी म्हणतां येणार नाहीं. शाकल्यानें ऋग्वेदाचा पदपाठ केला, म्हणजे संधि सोडवून एकेक पद सुटें केलें. आणि शौनकाच्या नांवावर असलेल्या अनुक्रमणींत तीं पदें मोजून १,५३,८२६ व अक्षरें ४,३२,००० असा हिशेब लिहून ठेविला आहे. हेतु एवढाच कीं, पाठ करतांना एकही पद गळूं नये. जर्मनीत केडिंग नांवाच्या गृहस्थांनीं १८९७-९८ मध्यें सुमारें १ कोटी १० लक्ष शब्दांची गणना प्रसिद्ध केली, ती लघुलेखनाच्या सोयीसाठीं. अमेरिकेंत थॉर्नडाइक यांनीं १९२१ सालीं शिक्षकांकरितां १०,००० शब्दांची यादी केली, ती कोणते शब्द मुलांस आधीं शिकवावे हें ठरविण्यासाठीं. प्रत्येकाच्या मोजणीमागें कांहीं तरी काम होतें. चित्र सुंदर दिसतें म्हणून मोजणें, हा प्रकार मात्र आमच्याच काळाचा.

आतां हें साधन इंग्रजींत जन्मलेलें. तें मराठीच्या दारांत आलें कीं उंबरठ्यास कसें अडखळतें, ह्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. एका खेड्यांतील शाळेच्या मुलांनीं ‘आमची शाळा आणि पाऊस’ ह्या विषयावर लिहिलेले निबंध आमच्या नातीनें हौसेनें टंकित केले व अशाच एका साधनास दिले. क्षणभरांत चित्र उमटलें. तें आमच्यापुढें धरून ती म्हणाली, “आजोबा, ह्या मुलांनी उसावर निबंध लिहिलेत का हो?” पाहतों तों मधोमध भला थोरला ‘ऊस’! त्याच्या खालीं ‘छत’, उजवीकडे ‘षण’, आणि कोपऱ्यांत ‘लढ’ व ‘मर’. आमच्या भागांत सोयाबीन, कापूस, तूर. उसाचें राज्य नाहीं. मग हा आला कोठून?

थोडा विचार करतां उलगडा झाला. संगणकाच्या पोटांत ‘पाऊस’ हा शब्द प, त्याचा काना, ऊ आणि स अशा चार खुणांनीं सांठविलेला असतो. ह्यांपैकीं प, ऊ, स हीं ‘अक्षरें’, आणि काना हें ‘चिन्ह’, असा त्याच्या बाडांत भेद आहे. रोमन लिपीच्या संवयीनें नियम करणारानें ठरविलें कीं, जेथें अक्षर नसेल तेथें शब्द संपला. त्यामुळें काना आला कीं शब्द तुटला. एकटा राहिलेला ‘प’ हा शब्दच नव्हे म्हणून टाकून दिला, आणि उरला ‘ऊस’. छत्रीचें ‘छत’ झालें, शिक्षणाचें ‘षण’ झालें, बुलढाण्यांतून ‘लढ’ निघाला आणि मराठींतून ‘मर’. ‘शाळा’ तर समूळ नाहींशी झाली, आणि ‘गुरुजी’ ह्या शब्दांतील तिन्ही अक्षरें एकेकटीं पडून गुरुजींचा मागमूस उरला नाहीं. ‘ढग’ आणि ‘घर’ तेवढे अंगावर कांहीं दागिना नसल्यामुळें सुखरूप राहिले. आणि ‘आई’ शाबूत राहिली, कारण तिचे दोन्ही स्वर स्वतंत्र. स्वर हे स्वयंप्रकाशी आणि व्यंजनें त्यांच्या मागून चालणारीं, असें आमचे जुने वैयाकरण सांगत आले. यंत्रानें नेमका उलटा न्याय केला. सर्वच साधनें असें करीत नाहींत, हें सांगितलें पाहिजे. जीं केवळ मोकळी जागा पाहून शब्द तोडतात तीं मराठीवर हात उगारीत नाहींत. म्हणून मुलांस दाखविण्यापूर्वीं दोन ओळी घालून पाहाव्या. ‘पाऊस’ पाऊसच राहिला तर पुढें जावें.

दुसरी अडचण ह्याहून खोल आहे, कारण ती लिपीची नसून भाषेची आहे. इंग्रजींत पावसाचा शब्द पुष्कळ अंशीं एकरूप राहतो व त्याच्या मागेंपुढें शब्दयोगी अव्ययें येतात. मराठींत तोच शब्द ‘पाऊस’, ‘पावसानें’, ‘पावसांत’, ‘पावसाचा’, ‘पावसाला’ अशीं वस्त्रें बदलीत फिरतो. यंत्राच्या दृष्टीनें हीं पांच निराळीं माणसें. परिणाम असा होतो कीं, ज्या विषयावर सबंध उतारा लिहिला आहे तो विषयच चित्रांत पांच ठिकाणीं विखुरला जाऊन बारीक दिसतो, आणि ‘आहे’, ‘आणि’, ‘तो’, ‘पण’ हे द्वारपाळ मधलें सिंहासन बळकावून बसतात. हा दुसरा दोष सर्वच भाषांस आहे. कोणत्याही भाषेंत मूठभर लहान शब्दच अतिशय वापरले जातात आणि बाकीचे बहुतेक क्वचित् येतात, हा नियम झिफ नांवाच्या अमेरिकन पंडितानें १९३५ च्या सुमारास मांडला, व तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. त्या लहान शब्दांची यादी करून ते आधींच वगळावे लागतात.

परंतु ही जी मराठीची अडचण, तींतच आम्हांस ह्या साधनाचा उत्तम उपयोग सांपडला. यंत्रास जें येत नाहीं तें मुलांकडून करवून घ्यावें. आम्ही निवृत्त झाल्यावर मेहकर तालुक्यांतील एका शाळेंत आठवड्यांतून एक दिवस मराठी व थोडेंसें संस्कृत शिकवावयास जातों. तेथील सातवीच्या वर्गांत एकदां धड्यांतील एक पान दिलें, व प्रत्येक शब्द एकेका चिठ्ठीवर लिहावयास सांगितला. मग चिठ्ठ्यांचे ढीग करावयाचे. ‘झाडावर’, ‘झाडाला’, ‘झाडें’ एका ढिगांत जाणार कीं तीन? मुलांनीं आपण होऊन एका ढिगांत घातल्या, आणि ‘हे सगळे झाडच आहेत’ असें कारण दिलें. सामान्यरूप, विभक्ति, प्रत्यय हीं नांवें ज्या मुलांस एरवीं जांभई आणतात, तीं त्या दिवशीं कामाचीं अवजारें म्हणून हातीं आलीं. एक मुलगा ‘पावसाळा’ हा शब्द पावसाच्या ढिगांत ठेवूं देईना. पावसाळा म्हणजे पाऊस नव्हे, पावसाळ्यांत पाऊस नसतोही, हें त्याचें म्हणणें! पाऊस न पडणारा पावसाळा पाहिलेलीं तीं मुलें. शेवटीं विभक्तीचें रूप निराळें व साधित शब्द निराळा हा भेद त्यांनींच अर्ध्या तासाच्या वादांतून काढला. आम्हीं त्यास फक्त नांव दिलें.

एवढें झाल्यावर मेघ फळ्यावर काढावयास संगणक पाहिजेच असें नाहीं. ताळ्याच्या खुणा कराव्या, एका खुणेस अर्धें बोट ह्या हिशेबानें अक्षराची उंची धरावी, आणि मुलांनींच खडूनें लिहावें. अर्ध्या बोटाचा शब्द व आठ बोटांचा शब्द शेजारीं आले म्हणजे प्रमाण म्हणजे काय हें गणिताच्या तासापेक्षां लवकर समजतें. दोन पथ्यें मात्र पाळावीं. एक, रंग नकोत. ज्या रंगाला अर्थ नाहीं तो पाहणाराची दिशाभूल करतो. दुसरें, शब्द उभे लिहूं नयेत. रोमन अक्षरें उभीं केलीं तर निदान वाचतां येतात. आमची शिरोरेषा उभी झाली कीं शब्द नव्हे, कुंपण दिसतें. आणखी एक सूक्ष्म गोष्ट : ‘इंद्रधनुष्य’ व ‘ढग’ यांस सारखीं मतें मिळालीं तरी लांबीमुळें पहिला दुप्पट थोर भासतो. हें मुलांच्या लक्षांत आणून द्यावें. वीज गेली तर यंत्र बंद पडतें. खडूस तें भय नाहीं.

शिकवण्यापूर्वीं एक मेघ व शिकवल्यानंतर दुसरा, ही रीत आम्हांस सर्वांत अधिक फलद्रूप वाटली. लोणारचें सरोवर आमच्या जिल्ह्याचें भूषण. उल्कापातानें बेसाल्ट खडकांत झालेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर. आंतलें पाणी खारें व अल्कधर्मी. विष्णूनें लवणासुराचा वध केल्याची कथा तेथील दैत्यसूदनाच्या देवळाशीं जोडलेली आहे. जून २०२० मध्यें तें पाणी एकाएकीं गुलाबी झालें व देशभर बोलबाला झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून, अतिखाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सरोवराचा समावेश रामसर यादींत झाला. सहल निघण्यापूर्वीं ‘लोणार म्हटलें कीं आठवणारे तीन शब्द’ मुलांकडून घेतले, तेव्हां ‘गुलाबी’ हा शब्द फळ्यावर मावेना. त्याखालोखाल ‘उल्का’ आणि ‘राक्षस’. एस. टी. नें जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेच तीन शब्द मागितले. ह्या वेळीं ‘वास’, ‘उतार’, ‘माकड’ आणि ‘धार’ हे वर चढले; ‘गुलाबी’ एका कोपऱ्यांत दोन मतांवर आला, कारण पाणी कोणासही गुलाबी दिसलें नव्हतें.

दोन्ही मेघ शेजारीं ठेविल्यावर प्रश्न निघाले ते मुलांचे. ऐकलेलें लोणार व पाहिलेलें लोणार ह्यांतला भेद त्यांना कोणीं सांगावा लागला नाहीं. एकीनें विचारलें कीं, कांठावर पडणारी धार गोड, आणि तीच ज्यांत जाते तें तळें खारट, हें कसें? तेव्हां पाणी आंत येण्यास वाटा आहेत पण बाहेर जाण्यास नाहीं, उन्हानें पाणी उडून जातें व क्षार मागें राहतात, हा भूगोल तेथेंच झाला. आमचें मत असें कीं, मेघ हा धड्याचा दरवाजा म्हणून चांगला. त्यालाच घर समजूं नये.

कारण घर समजणारेही आहेत. एका प्रशिक्षणवर्गांत आम्हीं पाहिलें कीं, कवितेचा शब्दमेघ काढून ‘कवितेचा आशय हा’ म्हणून दाखविण्यांत आला. ह्यावर काय बोलावें? तर्कशास्त्राचे आमचे ग्रंथ सांगतात कीं, वाक्यार्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधि हीं तिन्ही लागतात. एका पदास दुसऱ्याची अपेक्षा असावी, दोघांचा मेळ संभवावा, आणि तीं जवळ जवळ उच्चारलीं जावीं. मेघांत पहिलीं दोन नाहींतच, आणि तिसरी आहे ती जागा कोठें रिकामी सांपडली त्यावर अवलंबून. ‘पाऊस हवा’ असें दहा जणांनीं लिहिलें काय अथवा ‘पाऊस नको’ असें दहा जणांनीं लिहिलें काय, मधोमध ‘पाऊस’च येणार. न्यूयॉर्क टाइम्स पत्रांत संगणकाचें काम करणाऱ्या जेकब हॅरिस यांनीं २०११ सालीं ह्या चित्रांवर कडक टीका केली. युद्धाच्या हकीकतींचा मेघ करून त्यांतून युद्ध कळतें असें समजणें, हा अर्थाच्या जागीं आकार बसविण्याचा प्रकार आहे, असा तिचा मथितार्थ. शाळेपुरतें सांगावयाचें तर, मेघावर गुण देऊं नयेत आणि मेघ काढला म्हणून निबंध टाळूं नये. दहावीच्या कृतिपत्रिकेंत आकृत्या पूर्ण करण्याची संवय मुलांस आधींच भरपूर लागली आहे. चौकटी भरणारा हात चार ओळी सलग लिहिण्यास कां कूं करतो, ही तक्रार घरोघर ऐकूं येते.

घरीं मात्र खेळ म्हणून हा प्रकार मोठा मौजेचा आहे. गेल्या दिवाळींत सर्व मंडळी जमली असतां सूनबाईंनीं एक वही स्वयंपाकघराच्या दाराशीं टांगली, आणि दिवसभरांत कोण कोणता शब्द अधिक वेळां बोलतो ह्याच्या खुणा मुलांकडून करविल्या. संध्याकाळीं मेघ काढला तेव्हां सर्वांत मोठा शब्द ‘चार्जर’ निघाला, त्याच्या खालोखाल ‘अगं’, आणि तिसरा ‘थांब’. ‘अगं’ कोणाच्या खात्यावर अधिक जमा होता हें येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

आतां ज्या एका तासामुळें हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळूं. विदर्भांतील शाळा इतरांच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. आषाढांत एके दिवशीं त्याच वर्गांत ‘पाऊस’ हा विषय दिला. वर्गांत ३१ मुलें. प्रत्येकानें पांच शब्द लिहावयाचे. मोजणी झाली. ‘छत्री’ १९, ‘इंद्रधनुष्य’ १६, ‘बेडूक’ १५, मग ‘चिखल’, ‘होडी’, ‘शेत’ ११, ‘वावर’ ७. पुस्तकांतला पाऊस जसा असावा तसा तो फळ्यावर उतरला. वास्तविक त्या दिवशीं वर्गांत छत्र्या तीन होत्या. बाकीचीं मुलें प्लास्टिकचा कागद अथवा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आलीं होतीं. अगदीं खालीं, अर्ध्या बोटाच्या अक्षरांत, एका मुलीचा एक शब्द होता : ‘दुबार’.

त्या मुलीस उभें करून विचारलें, “बाई, हा शब्द तुला कसा सुचला?” ती कांहीं वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, “पयलं पेरलं ते निंघालंच नाई गुर्जी. मंग बाबानं पुन्ना बियानं आनलं.”

“कोठून आणलें?”

“उदारीनं.”

ज्या वाचकांचा शेतीशीं संबंध राहिला नाहीं त्यांच्याकरितां सांगतों. मृगाच्या सरी पाहून शेतकरी पेरतो. मग पाऊस दोनतीन आठवडे दडी मारतो. कोंब जमिनींतच करपतो, आणि बियाणें व मजुरी ह्यांवर पुन्हां खर्च करून दुसऱ्यांदा पेरावें लागतें. ती दुबार पेरणी. पहिल्या पेरणीचे पैसे मातींत गेलेले असतात आणि दुसरीचे घरांत नसतात. वऱ्हाडांत कर्जाचीं जीं दुःखद प्रकरणें वर्तमानपत्रांत येतात त्यांतील कित्येकांचा आरंभ ह्याच आठवड्यांत झालेला असतो.

आम्हीं वर्गास विचारलें कीं, यंदा कोणाकोणाच्या घरीं दुबार पेरणी झाली? आधीं दोन हात वर आले, मग पांच, मग एकमेकांकडे पाहत पाहत १४. म्हणजे ३१ पैकीं १४ घरांत तो शब्द रोज बोलला जात होता, आणि फळ्यावर त्यास मत पडलें होतें एक! बाकीच्या तेरांनीं तो कां लिहिला नाहीं, असें विचारतां मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “ते काय शाळेतलं हाय का गुर्जी?”

ह्या एका वाक्यांत शब्दमेघाची खरी मर्यादा आहे. यंत्र मोजतें तें मुलांच्या मनांत काय आहे हें नव्हे. गुरुजींपुढें काय ठेवणें योग्य असें मुलांस वाटतें, तें. शहरांतील शाळेंतही ‘माझें कुटुंब’ ह्या विषयावर मेघ काढला तर ‘प्रेम’ हा शब्द मोठा येईल, आणि घरांत चाललेली वांटणी कोणी लिहिणार नाहीं. मोठे शब्द हे बहुधा सर्वांनीं घोकलेले असतात. यास्काच्या निघंटूची रचना ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. पहिल्या तीन अध्यायांत एकेका अर्थाचे शब्द पुंजक्यापुंजक्यांनीं दिले आहेत. मेघाचींच नांवें ३० व पाण्याचीं १०१. पण चौथा अध्याय सबंध एकेकट्या, कठिण पदांसाठीं राखून ठेविला आहे, आणि निरुक्तांत त्यांवर खर्च केलेले श्रम पाहिले म्हणजे, जो शब्द पुंजक्यांत बसत नाहीं त्याकडे हे प्राचीन आचार्य किती बारकाईनें पाहत हें दिसतें. फळ्यावरच्या मेघाचें वाचन म्हणूनच खालून वर करावें, वरून खालीं नव्हे.

‘वावर’ आणि ‘शेत’ ह्यांवरही त्या दिवशीं थोडी चकमक झाली. एका तरुण सहकाऱ्यांचें मत पडलें कीं, दोन्ही एकच, तेव्हां ‘वावर’ पुसून सातांची भर शेतांत घालावी, म्हणजे मुलांस प्रमाणभाषेचें वळण लागेल. त्यांचा हेतु चांगला, परंतु आम्हांस हें मान्य होण्यासारखें नव्हतें. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ ह्या काळांत निघाले. प्रांतोप्रांतींचे बोलीशब्द गोळा करून त्यांस प्रमाण शब्दांच्या शेजारीं मानानें बसविणें हें त्या कोशाचें एक मोठें काम. कोशांत ज्यांस जागा मिळते त्यांस फळ्यावर कां मिळूं नये? मुलांस विचारलें तर त्यांनीं आमच्याहून नेमकें उत्तर दिलें. ‘शेत’ पुस्तकांत असतें आणि ‘वावर’ आमचें असतें! परीक्षेंत कोणता लिहावा हें त्यांना ठाऊक होतें. तें आम्हीं पुन्हां सांगितलें, व दोन्ही शब्द ठेविले.

नंतर विषय बदलून ‘आमच्या घरचा पाऊस’ असा दिला, आणि एक अट घातली कीं, पुस्तकांत वाचलेला शब्द चालणार नाहीं. हा मेघ फळ्यावर न काढतां मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर काढला. ह्या वेळीं छत्री एकदांही आली नाहीं. मधोमध आलें ‘वावर’, त्याच्या उजवीकडे ‘दुबार’, मग ‘बियाणें’, ‘गळती’, ‘तण’, ‘डवरणी’, ‘उधारी’; आणि एका मुलानें, ज्याचे वडील पुण्यास कामास गेले आहेत त्यानें, ‘फोन’ लिहिलें. त्यावर मुलें हंसलीं. पावसाचा आणि फोनचा काय संबंध? तो म्हणाला, “पानी आलं का म्हनून बाबा रोज इचारतात.” मग कोणी हंसलें नाहीं. त्या पुठ्ठ्यावरील शब्दांवरून मुलांनीं पुढच्या आठवड्यांत चार चार परिच्छेद लिहिले. शुद्धलेखनाचें म्हणावें तर पुष्कळ लाल शाई लागली. पण उतरून काढलेलें असें एकही वाक्य त्यांत नव्हतें.

पुठ्ठा शाळेच्या ओसरींत लावून ठेविला होता. श्रावणांत पालकांची सभा झाली, तेव्हां बरीच मंडळी त्याच्यापुढें उभीं राहून वाचीत होतीं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनीं चष्मा पुसून तो वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि शेजारच्या नातवास विचारलें, “यात रोही कुठं हाय रे?” वाचकांस ठाऊक नसेल तर, रोही म्हणजे नीलगाय, नुकतें उगवलेलें पीक रातोरात साफ करणारा तो प्राणी आमच्याकडील शेतकऱ्यांच्या झोपेचा शत्रु. नातवानें पेन घेऊन ‘तण’ व ‘गळती’ ह्यांच्यामधल्या फटींत तो शब्द बारीक अक्षरांत लिहिला. आजोबा म्हणाले, “अरे, मोठा काढ.” पण नियम मुलांनीं पाठ केलेला, एकाच मतास अर्ध्या बोटाहून अधिक जागा द्यावयास तीं तयार होईनात. तेव्हां मागें उभ्या असलेल्या सातआठ जणांनीं हात वर केले, आणि दुसरा पुठ्ठा आणण्यासाठीं एका मुलास वर्गांत पिटाळण्यांत आलें.